कव्हरातून कापलेली मोरी

अण्णा कुठलंही चित्र आधी तळहातांनी झाकायचे. डावा हात आडवा, उजवा उभा, आणि मधे जेवढं उरेल तेवढ्याकडे मान तिरकी करून बघत राहायचे. समोर कोणी असलं की विचारायचे, "आता काय दिसतंय?" सांगितलं की हात काढायचे आणि समाधानाने म्हणायचे, "बघा. हुतं एक, दिसलं एक."

निपाणीच्या पेठेत माझं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. अण्णांचं दुकान शेजारी होतं. मधे फळ्यांची भिंत, त्यामुळे त्यांच्या टीव्हीवर दिवसभर चालणारे सिनेमे मला न बघता ऐकू यायचे. माझ्या दुकानात आमच्या लग्नाचा फोटो टांगलेला होता. मधे मी, एका बाजूला आमचे मालक, दुसऱ्या बाजूला सासूबाई. एकदा अण्णांनी सासूबाईंवर हात ठेवला आणि ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना विचारलं, "नवरी कशी दिसतिया?"

"लाजतिया," बायका म्हणाल्या.

मग त्यांनी हात आमच्या मालकांवर सरकवला. "आता?"

"रडाय आलीया."

चेहरा माझा तोच. बायका पोट धरधरून हसल्या. मी हसले नाही, कारण सासूबाई तेव्हा हयात होत्या आणि नेमक्या आतल्या खोलीत चहा पीत बसल्या होत्या.

तुमच्याही पेठेत असं एक दुकान असेल. आधी कॅसेटी भाड्याने देणारं, मग सीडीचं, मग बंद पडलेलं किंवा मोबाईलचं झालेलं. अण्णांचं त्यातलंच, फक्त त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं होतं. आमच्या भागात गावोगाव नाटकाची हौशी मंडळं आहेत. कोणी कॅमेरा भाड्याने आणून सिनेमा काढायचं, कोणी भजनाचा फड, कोणी नुसती विनोदी सोंगं. अण्णा ते विकत घ्यायचे, त्याच्या सीड्या करायचे आणि जत्रांत, आठवडी बाजारांत मांडायचे. आतल्या मालाकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. गिऱ्हाइकांसाठी टीव्ही मोठ्याने चालू असे, पण विकत घेतलेला सिनेमा ते स्वतः आवाज बंद करून बघायचे. कव्हर मात्र स्वतः ठरवायचे. बेळगावात शहापूरला एक चित्रकार होता. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात बसून तो कॉम्प्युटरवर कव्हरं करायचा. अण्णा बसने त्याच्याकडे जायचे आणि त्याच्या पडद्यावर हात आडवे-उभे करत बसायचे. चित्रकार वैतागायचा, कारण काचेवर बोटांचे डाग पडायचे.

छापायच्या आधी नमुना माझ्या दुकानात यायचा. अण्णा तो बायकांना क्षणभर दाखवायचे, पाठीमागे लपवायचे आणि म्हणायचे, "आता ह्या पिक्चरची गोष्ट सांगा बघू." बायका सांगायच्या. त्यांची गोष्ट खऱ्या सिनेमापेक्षा चटकदार निघाली की कव्हर पास. मी एकदा म्हटलं, "अण्णा, ही लबाडी झाली."

"लबाडी कशी?" ते म्हणाले. "आतल्या पिक्चरला मी हात लावलेला न्हाय. हाय तसंच हाय."

हे अगदी खरं होतं. पुढे मला त्यांचा जो राग आला तो याच खरेपणाचा आला.

एकदा त्यांच्याकडे एक रडका सिनेमा आला. बापाने पोरीचं लग्न लांब कुठेतरी लावून दिलेलं, पोरगी माहेरच्या आठवणीने झिजत मरते. त्यात एकाच प्रसंगात एक सोंगाड्या येतो आणि म्हशीच्या पाठीवरून पडतो. अण्णांनी कव्हरावर सोंगाड्या घेतला, म्हैस घेतली आणि पोरीचा हसरा फोटो कोपऱ्यात टाकला. जत्रेत माल हातोहात गेला. महिन्याभराने एक शेतकरी दुकानात आला. भिंतीपलीकडून मी ऐकत होते.

"अण्णा, लई हसलो. घरातली सगळी हसली. पण शेवटाला ती पोरगी का मेली ते कळलं न्हाय."

"मग तवा काय केलासा?"

"हसलोच की. म्हटलं, असंल काय तरी गंमत."

अण्णा हे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते. मीही सांगत होते. तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटायचं.

आता ज्या सिनेमाबद्दल सांगायचं आहे त्याचं नाव मी सांगणार नाही. आमच्या भागातल्या लोकांना ते माहीत आहे आणि तेवढे पुरे झाले. निपाणीजवळच्या एका गावातल्या मंडळाने तो काढून मूळ टेपसकट अण्णांना विकला होता; अख्खा सिनेमा गावात कधी लागलाच नाही. सुमन त्यात सून झाली होती, आणि तिचा खरा नवराच सिनेमात तिचा नवरा. गावात कोणी आपल्या बायकोला कॅमेऱ्यासमोर उभं करायला तयार होईना, तेव्हा त्याने घरात आईवडलांशी भांडून सुमनला उभं केलं. सुमन माझ्या गिऱ्हाइकांपैकी. सिनेमातले तिचे सगळे ब्लाउज मी शिवले. हळू बोलणारी, शिवलेला कपडा घेताना उलटा करून शिवण बघणारी, पण चूक निघाली तरी तोंड न उघडणारी बाई. कॅमेऱ्यासमोर ती काय बोलणार असं मला वाटलं होतं. सिनेमा बघितला तेव्हा गप्प बसले. फार चांगलं काम केलं होतं तिने.

गोष्ट साधी. नवरा आजारी आहे, चुलत्याचा जमिनीवर डोळा आहे. चुलता नवऱ्याच्या दुधात विष कालवतो. सुमनला संशय येतो. ती नवऱ्याच्या उशाचा ग्लास उचलते आणि मोरीत नेऊन ओतते. चुलता उलटा तिच्यावरच आळ घेतो. शेवटी खरं काय ते बाहेर येतं, नवरा बरा होऊन अंथरुणात उठून बसतो आणि सगळ्यांदेखत तिचा हात धरतो.

अण्णांनी उचललं ते चित्र ग्लास घेऊन ती मोरीकडे वळते त्या क्षणाचं. मागे खाटेवर नवरा झोपलेला, समोर मोरी, आणि कोणी बघेल की काय या भीतीने तिची नजर तिरकी. अण्णांनी उजवा हात उभा ठेवला आणि मोरी गेली. उरला झोपलेला नवरा, हातात ग्लास आणि तिरक्या नजरेची बाई. चित्रकाराकडून दूध जरासं हिरवट करून घेतलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नवऱ्याच्या दुधात तिने काय कालवलं?'

नमुना दुकानात आला तेव्हा एक म्हातारी झंपर शिवायला टाकत होती. तिने चित्र बघितलं आणि अण्णांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "मेली. कुंकवाचा जीव घ्याय निघालीया." अण्णांचा चेहरा उजळला.

तेव्हा अख्खा सिनेमा एका सीडीत मावायचा नाही, दोन लागायच्या. दोन्ही एका डबीत घालून विकायची पद्धत होती. अण्णांनी जत्रेसाठी भाग वेगवेगळे केले. पहिला नेलेला माणूस दुसरा न्यायला हमखास येतो, असा त्यांचा अनुभव. पहिला भाग संपायचा तो सुमन ग्लास उचलते तिथे. यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार, असं त्यांना वाटलं. पण दुसरा भाग मागायला कोणी आलंच नाही. लोकांना उत्तर कव्हरावरच मिळालं होतं, आता विचारायचं काय उरलं? अण्णांचं कव्हर जरा जास्तच चांगलं झालं होतं. दुसऱ्या भागाच्या कव्हरावर त्यांनी घाईघाईत सगळं कुटुंब देवळापुढे हात जोडून उभं केलं होतं. लोक ते भजनाचं समजून पुढे जायचे.

चिकोडीच्या एका व्यापाऱ्याला मात्र देवाधर्माचा माल हवा होता. त्याच्यासाठी अण्णांनी दोन्ही भाग एकाच डबीत घातले, वर ते देवळाचं चित्र घेतलं आणि कानडीत लिहिलं की ही एका पतिव्रतेची कहाणी आहे. तिकडच्या लोकांना मराठी समजतंच. तिकडे बायका सुमनला बघून पदराने डोळे पुसायच्या, आणि बसने तासाभरावर आमच्या पेठेत पोरं 'दूध, दूध' करत तिच्या मागे लागायची. सिनेमा एकच. अण्णा अभिमानाने सांगायचे, "एक बाई, दोन कव्हरं. हिकडं कैदाशीण, तिकडं देवी."

सुमनच्या नवऱ्याने ते सगळं हसण्यावारी नेलं. गमत्या माणूस होता. हॉटेलात बसला की ओरडून सांगायचा, "मला बिनदुधाचा चा दे रं. दुधाचं भ्या वाटतंय." सगळं हॉटेल हसायचं.

काही वर्षांनी एका सकाळी तो अंथरुणातून उठला नाही. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले. दुपारच्या आत अग्नी दिला.

सुमनवर कोणी आरोप केला नाही. केला असता तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. फक्त, तिने केलेल्या भाकरी ताटात तशाच राहू लागल्या. सासू स्वतः चूल पेटवायला लागली. शेजारणी आल्या तर तिने दिलेला चहा कपातच निवायचा. मुलगा लहान होता, त्याला आत्याच्या घरी ठेवलं आणि आईने दिलेलं काही तोंडात घालायचं नाही असं शिकवलं. वर्षश्राद्ध उरकल्यावर तिला माहेरी पोचवलं आणि मुलाला परत घरी आणलं. माहेरी भावजयीने स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. शेवटी बेळगावात कॅम्पमध्ये लष्करातल्या एका कुटुंबाकडे ती स्वयंपाकाला लागली. माणसं उत्तरेकडची. त्यांनी मराठी सिनेमा कधी बघितलेला नव्हता, म्हणून ती तिच्या हातचं निवांत खात होती.

आता तुम्ही म्हणाल, अण्णांना हे माहीत नव्हतं का? पेठेत सगळ्यांना सगळं माहीत असतं. त्यांनाही होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बाई दारात येऊन उभी राहणं वेगळं.

एका दुपारी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. मी मशीन थांबवलं.

"अण्णा, दुसरा भाग हाय काय?"

"कसला दुसरा भाग?"

"माझ्या पिक्चरचा. आत्याबाईंना दाखवायचा हाय. त्यांनी पयलाच बघितलाय." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

अण्णांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "सुमन, त्यो खपला न्हाय गं. समदा माल जोंधळ्यात गेला, मूळ टेप बी पुसली." हे खरं होतं. न खपलेल्या सीड्या शेतकरी घेऊन जायचे. दोऱ्याला बांधून पिकात टांगल्या की उन्हात चमकतात आणि पाखरं बसत नाहीत.

"एक बी न्हाय?"

"बघतो मी."

"लवकर बघा अण्णा. पोरगं मोठं व्हाय लागलंय. आता मला बघितलं की घरात पळतंय. आणि थोडी वर्सं गेली की पळायचं बी न्हाय, वळकच दावणार न्हाय."

ती गेल्यावर अण्णा माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. "आक्का," म्हणाले, "मोरी मी कापली." मी मशीन पुन्हा सुरू केलं. धीर द्यायचं माझ्या मनात नव्हतं.

मग अण्णांनी जे केलं ते सगळ्या पेठेने बघितलं. ते दुकान बंद ठेवून शेताशेतांतून फिरले. बांधावर उभे राहून मालकाची परवानगी काढायची, पिकात शिरायचं आणि दोऱ्याच्या सीड्या सोडवून घ्यायच्या. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. घरी आणून पुसून लावून बघायचे. ऊनपावसाने सगळ्यांचा वर्ख उडालेला. कशातून नुसता खरखराट, कशातून एखादं वाक्य. भिंतीपलीकडून ते तुकडे मला ऐकू यायचे. एकदा सुमनचा आवाज आला, "मी न्हाय केलं ओ," आणि तिथेच अडकून पुन्हा पुन्हा तेच. अण्णांनी यंत्राची वायर उपटली.

शेवटी चांगली प्रत मिळाली ती चिकोडीकडच्या एका खेड्यात. एका म्हातारीने ती कानडी कव्हराची डबी देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवली होती. ती देईना. परत आणून देतो म्हणून अण्णांनी देवापुढे हात ठेवला तेव्हा दिली. वर म्हणाली, "ती बाई खरंच हाय काय? एकदा घिऊन या तिला. ओटी भरते." सुमन विधवा आहे हे अण्णांच्या तोंडून निघालं नाही.

त्यांनी सुमनला हे सांगितलं आणि म्हणाले, "तिकडं तुला ववाळतील, पोरी. तिकडंच कुटं तर ऱ्हायाचं बघू काय तुझं?"

"माझं पोरगं हिकडं हाय, अण्णा," ती म्हणाली.

गावात सिनेमा दाखवायचं ठरलं. सासरा भला माणूस, त्याने हरकत घेतली नाही. अण्णांनी टेम्पोत टीव्ही आणि यंत्र घातलं, आणि सुमनसोबत एक बाई हवी म्हणून मी गेले. समाजमंदिरात रविवारी दुपारी सगळं गाव जमलं. सासू पुढे बसली, तिच्या मांडीला टेकून मुलगा. सुमन मागे दारापाशी माझ्याजवळ उभी राहिली. आत ये म्हणून कोणी म्हणालं नाही आणि तिनेही पाऊल टाकलं नाही.

पहिला भाग लोकांना पाठ होता. ग्लास उचलल्याबरोबर पोरांनी 'दूध, दूध' केलंच. मग अण्णांनी दुसरा भाग लावला. सुमन ग्लास घेऊन वळली, चालत गेली आणि मोरीवर ओणवी झाली. दूध मोरीतून वाहून गेलं. समाजमंदिरात कोणी हललं नाही. पुढचा सगळा वेळ लोक मान वर करून बघत होते. आळ आला तेव्हा बायका चुकचुकल्या. चुलता पकडला गेला तेव्हा मागून कोणीतरी शिवी घातली. शेवटी नवरा अंथरुणात उठून बसला आणि त्याने सुमनचा हात धरला तेव्हा अर्धं गाव रडत होतं. मेलेला मुलगा पडद्यावर हसताना बघून सासरा उठून बाहेर गेला. माझा हात सुमनने इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मला वाटलं, झालं. पोरगं आता उठेल आणि मागे बघेल.

अण्णा टीव्हीसमोर येऊन उभे राहिले. हात जोडले. "कव्हर मी केलतं," म्हणाले. "ती मोरीकडं चाललीती. मोरी मी कापली. खोटं म्या सांगिटलं, तिनं न्हाय. तुमच्या पाया पडतो, तिला घरात घ्या."

सासू बंद टीव्हीकडे बघत उठली. मग बोलली ती शांतपणे, भांडण नसल्यासारखी.

"व्हय अण्णा. बघितलं की समदं. त्यातल्या सुनेनं न्हाय केलं, पटलं मला. पण त्यातला त्यो शेवटाला उठून बसला. माझा उठला न्हाय."

तिने मुलाचा हात धरला आणि ती निघाली. दारातून जाताना मुलगा आमच्यापासून हाताच्या अंतरावरून गेला. त्याने वर बघितलं नाही. सुमनने माझा हात सोडला, पदर डोक्यावरून घेतला आणि टेम्पोत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर अण्णांनी एकदा विचारलं, "सुमन, पाणी पितीस?" ती नको म्हणाली.

म्हातारीची डबी अण्णा दुसऱ्याच दिवशी चिकोडीकडे जाऊन परत देऊन आले. मी म्हटलं, ठेवून तरी घ्यायची एक प्रत. म्हणाले, "तिच्याकडं ऱ्हाऊ दे. एक तर घर असू दे तसलं."

त्यानंतरचे अण्णा मी तुम्हाला काय सांगू? हात पसरून चित्र झाकणं गेलं. सीडीचा धंदा तसाही बसला होता, आता त्यांनी रिचार्ज आणि इअरफोन ठेवले. पण पहिल्या भागाची ती कव्हरं गोळा करायचा नाद त्यांना लागला. पानपट्टीच्या काचेवर एक चिकटवलेलं होतं, ते खरवडताना पानवाल्याने ढकललं आणि त्यांचं कोपर फुटलं. ओळखीच्या घरी गेले तरी टीव्हीखालचा कप्पा उघडून बघायचे. लोक टाळायला लागले. मला त्यांची दया यायची आणि त्याच वेळी वाटायचं, फुटू दे कोपर. दोन्ही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग कोणीतरी तो पहिला भाग इंटरनेटवर चढवला. वर तेच कव्हर, हिरवट दुधासकट. दुसरा भाग नाहीच. खाली लोकांनी लिहिलेलं, अशा बायकांना भर चौकात फोडून काढलं पाहिजे. कोणी लिहिलं होतं, ही आमच्या शेजारच्या गावची, हिने खराच नवरा मारला. अण्णा मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा अंगठा त्या चित्रावर होता, आणि अंगठ्याने चित्र झाकलं जायच्याऐवजी सिनेमा सुरू व्हायचा. "ह्येच्यावर हात कसा ठेवायचा, आक्का?" म्हणाले. मला माहीत नव्हतं. आम्ही माझ्या मुलीला विचारलं. तिने तक्रार करून बघितली, काही झालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा दुकानातच गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान कलली. इअरफोन घ्यायला आलेल्या मुलीला वाटलं, झोपलेत.

सुमनला मी फोन केला. तिने फक्त कडू घास कधी आहे ते विचारलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी आणि पैपाहुणे शिजवून डबे आणतात आणि घरच्यांना बसवून खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. आणलेला प्रत्येक डबा उघडायचा, प्रत्येकातलं थोडं तरी ताटात घ्यायचं. त्यात डावंउजवं करत नाहीत.

ती पहिल्या बसने आली. हातात चार पुडांचा डबा, पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकरी. त्या लष्करी घरातल्या बाईने पहाटे तिला स्वयंपाकघर वापरू दिलं होतं. अण्णांच्या बायकोने तिला ओळखलं नाही. "कोण गं तू?" म्हणाली. सुमनने सांगितलं, "अण्णांनी माझ्यासाठी लई केलं." तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, आणि ते खोलीभर कसं फिरलं ते मी बसल्या जागेवरून बघितलं. अण्णांच्या बायकोपर्यंत पोचलं तेव्हा तिने मान वर करून सुमनकडे पुन्हा एकदा पाहिलं. घरी अण्णा धंद्यातलं कधी बोलत नसत. तिनेही तो सिनेमा पाहिलेला नव्हता. कव्हर पाहिलं होतं.

ताटं वाढली. एकेक डबा उघडला. कोणाची आमटी, कोणाचा भात, कोणाची वांगी. सुमनचा डबा भिंतीशी होता तसाच राहिला. मग कोणीतरी जागा करायच्या निमित्ताने तो दाराकडे, चपलांच्या बाजूला सरकवला. सुमन भिंतीला टेकून बसली होती. डबा रिकामा झाल्याशिवाय उठायचं नाही ही रीत तिला माहीत होती, आणि तो रिकामा होणार नाही हेही कळलं होतं. ती नुसती बसून राहिली.

मी उठले, डबा उचलून आणला आणि तिच्यासमोर पाट ओढून बसले. "वाढ गं," म्हटलं. "भूक लागलीया."

"ऱ्हाऊ द्या आक्का."

"वाढ."

तिने फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी होत्या, पातळ, कडा न फाटलेल्या. मुगाची आमटी, कांद्याची भाजी, आणि वरच्या पुडात थोडा दहीभात, अण्णांना आवडायचा म्हणून. मी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि तोंडात घातली.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. शोक बाजूला ठेवून अण्णांची बायकोसुद्धा बघत होती. घास गिळल्यावर मला काही होतंय का, याची त्या वाट बघत होत्या. मी दुसरा घास घेतला. सुमनने कोणाकडेच पाहिलं नाही. खाली मान घालून ती माझ्या ताटात आमटी वाढत राहिली आणि मी जेवत राहिले.